दुसरी चावी आधी कर

॥ श्री मळेकरणी प्रसन्न ॥

उचगाव, ता. जि. बेळगाव
आषाढ, शनिवार

चि. बाळूस,

परवा पहाटे तुझा फोन आला तेव्हा मी नुकतंच तोंड धुतलं होतं. तवंदी घाटाच्या अलीकडे चहाला थांबलास, गाडी बंद केलीस, आणि चहा पिऊन आलास तर ईको व्हॅन सुरू होईना. वरून पाऊस, मागे कोथिंबीर-मेथीच्या पेंढ्या, आणि संकेश्वरचा बाजार उघडायची वेळ झालेली. तुझ्या आवाजातला राग मला कळला. जुडग्यातून बाकीच्या सगळ्या चाव्या काढून फक्त व्हॅनची चावी घालून बघ म्हणालो, आणि तेवढ्यावर गाडी सुरू झाली, हे देवीचंच देणं. पण फोन ठेवता ठेवता तू एक वाक्य बोललास, ते दोन दिवस माझ्या डोक्यातून जात नाही. ‘मामा, निपाणीतला एकजण म्हणतोय, ते इमोबिलायझरच काढून टाकतो, पुन्हा कटकट नको.’

म्हणून हे पत्र. फोनवर ऐकलेलं तू दुसऱ्या दिवशी विसरतोस. कागद निदान गाडीच्या कप्प्यात राहील.

आधी हा इमोबिलायझर काय आहे ते समजून घे, म्हणजे त्याच्यावर राग धरणार नाहीस. तुझ्या चावीच्या काळ्या प्लास्टिकच्या डोक्यात तांदळाच्या दाण्यापेक्षा थोडी मोठी एक चिप आहे. तिला सेल लागत नाही. स्टेअरिंगखाली जिथे चावी घालतोस, त्या कुलपाच्या तोंडाभोवती तांब्याच्या बारीक तारेचं एक वेटोळं बसवलेलं असतं. तू चावी फिरवलीस की ते वेटोळं हवेतूनच चिपला थोडी वीज देतं, बहुतेक गाड्यांत १२५ किलोहर्ट्झच्या लहरींवर. तेवढ्या विजेवर चिप जागी होते आणि आपला नंबर सांगते. इंजिनच्या कॉम्प्युटरला तो नंबर ओळखीचा वाटला तर तो पेट्रोल सोडतो, ठिणगी देतो. ओळखला नाही तर काही गाड्यांत सेल्फ फिरतो पण इंजिन पकडत नाही, काहींत पकडून दोन सेकंदांत मरतं, काहींत सेल्फसुद्धा फिरत नाही.

तुझ्या जुडग्यात धाकट्या भावाच्या कारची चावी होती. तिच्यातही चिप. वेटोळ्याजवळ दोन चिपा एकदम बोलायला लागल्या तर कॉम्प्युटरला एकीचंही धड ऐकू येत नाही. नेहमी ती दुसरी चावी खाली लोंबत असेल, परवा नेमकी वर आडवी आली असेल. एवढंच झालं होतं. त्यासाठी कोणी वायर तोडायला निघावं हे मला सोसत नाही.

आणि एक गोष्ट पक्की लक्षात ठेव. इमोबिलायझर ही ओळख गाडी सुरू करतानाच विचारतो. धावती गाडी मध्येच बंद पडली तर आधी पेट्रोल, फ्यूज, वायर, सेन्सर बघायचं. तिथे चावीला दोष देणाऱ्या मेकॅनिककडे गाडी सोडू नकोस.

गाडी सुरू होत नाही म्हणजे नेमकं काय होत नाही, हे आधी स्वतःला विचारायला शीक. आमच्या धंद्यात निम्मं काम तिथेच होतं. चाळीस वर्षं मी ऑटो इलेक्ट्रिशियनचं काम केलं, आणि लोकांनी सांगितलेला बिघाड आणि खरा बिघाड यांत फार वेळा अंतर निघालं.

चावी फिरवल्यावर डॅशबोर्डवर एकही दिवा लागत नसेल तर बॉनेट उघडण्याआधी तुझ्या गाडीत बॅटरी कुठे आहे ते आठव. ईकोची बॅटरी आणि इंजिन पुढच्या सीटखाली आहेत. बॅटरीची टर्मिनलं हाताने हलवून बघ. पांढरी-हिरवी बुरशी चढलेली असेल तर कोमट पाण्याने धुऊन, पुसून, आवळून घे. दिवे लागतात, पण सेल्फ मारला की मंद होतात आणि नुसतं टक-टक ऐकू येतं, तर बॅटरी उतरली आहे. उभ्या गाडीत चांगली बॅटरी साडेबारा व्होल्टच्या आसपास दाखवते, बाराच्या खाली गेली की तिचा भरवसा नाही. इथे एक फसवणूक होते. बॅटरी अशक्त असली की सेल्फ मारताना व्होल्टेज इतकं खाली बसतं की कॉम्प्युटर चिपला नीट विचारू शकत नाही, आणि मग चावीचा दिवा लुकलुकतो. माणूस म्हणतो इमोबिलायझर गेला. अशा वेळी आधी दुसऱ्या गाडीवरून केबल लावून बघायची.

सेल्फ जोमाने फिरतो, बॅटरी ठणठणीत, पण इंजिन पकडत नाही आणि चावीच्या चित्राचा दिवा मिचमिचतो, तेव्हा मात्र गाडी तुला खरंच ओळखत नाही. चावी बंद कर, बाहेर काढ, जुडगं मोकळं कर, रिंगला लोखंडी बिल्ला असेल तर तोही काढ, थोडं थांब, पुन्हा घाल. तरी नाही तर दुसरी चावी घालून बघ. दुसरीने सुरू झाली तर दोष पहिल्या चावीत. दुसरीनेही नाही झाली तर दोष वेटोळ्यात, त्याच्या वायरीत किंवा कॉम्प्युटरच्या बाजूला. हजारो रुपयांच्या स्कॅनरआधी हा निवाडा दुसरी चावी करते, तोही फुकट. तुझ्याकडे ती नाही. त्यावर मी पुढे बोलणार आहे.

हा दिवा प्रत्येक कंपनीत वेगळा वागतो. म्हणून आजच, गाडी चांगली असताना, चावी फिरवून बघून ठेव की तो लागतो का, किती वेळात विझतो. चांगल्या दिवसाची चाल माहीत असेल तरच वाईट दिवशी फरक कळतो.

धक्का मारून सुरू करायच्या भानगडीत पडू नकोस. माझ्या जुन्या कार्बोरेटरच्या ओम्नीला सुळग्याच्या उतारावर किती वेळा धक्का दिला असेल त्याची गणती नाही, पण त्या गाडीला कोण बसलंय हे विचारायची सोयच नव्हती. तुझ्या गाडीने चावी ओळखली नाही तर दहा माणसांनी ढकलली तरी ती तशीच राहील. बॅटरीच उतरली असेल तर गोष्ट वेगळी, पण तिथेही केबल बरी.

तू सांगितलंस की आधीच्या मालकाने बाहेरून रिमोटचं सेंट्रल लॉक बसवून घेतलं होतं. त्याची मला जास्त काळजी आहे. दुकानात बसवून दिलेल्या अशा काही संचांना इंजिनची वीज तोडणारा एक रिले असतो. तो स्टेअरिंगखालच्या मूळ वायरी कापून, पिळून, वर काळी टेप गुंडाळून जोडतात. दोन पावसाळ्यांत टेपचा गोंद सुटतो, तांबं हिरवं पडतं, आणि गाडी कधी सुरू होते कधी नाही. लक्षणं हुबेहूब इमोबिलायझर बिघडल्यासारखी. मी उघडलेल्या गाड्यांत कंपनीचा इमोबिलायझर खराब निघाल्यापेक्षा हे टेपचे सांधे सैल निघाल्याची उदाहरणं कितीतरी जास्त आहेत. काढायचंच असेल तर ते जोडकाम काढून वायरी नीट झाळून घ्यायच्या. रिमोटचं बटण चालेनासं झालं तर आत नाण्याएवढा सेल असतो तो बदल. तो फक्त दारांपुरता, त्याचा चिपशी संबंध नाही.

आता कुलपाविषयी. चावी आत जाते पण फिरतच नाही, असं झालं की पहिला हात पकडीकडे जातो. तो आवर. चावी काढून गाडी उभी केलीस आणि स्टेअरिंग थोडं हललं की आत एक लोखंडी खिट्टी स्टेअरिंगच्या दांड्यातल्या खाचेत पडते. चाक दगडाला किंवा गटाराच्या काठाला टेकलं असेल तर सगळा दाब त्या खिट्टीवर येतो आणि चावी अडते. एका हाताने स्टेअरिंग डावीकडे-उजवीकडे हलव, दुसऱ्या हाताने चावी हलकेच फिरव. खिट्टी मोकळी झाली की चावी लोण्यासारखी फिरते.

तसं नसेल तर अडचण कुलपाच्या पोटात. आत पितळेच्या पातळ पत्र्या असतात, प्रत्येकीला केसासारखी स्प्रिंग. चावीच्या खाचा त्या सगळ्या पत्र्यांना एका पातळीत आणतात तेव्हाच आतला दंडगोल फिरतो. एक पत्री धुळीने अडकली तरी सगळं अडतं. आपल्याकडची तांबडी माती पावसात दाराच्या कुलपात शिरते आणि उन्हाळ्यात तिथेच वाळते. लोक मग खोबरेल तेल सोडतात. चार दिवस बरं वाटतं, पाचव्या दिवशी तेलावर धूळ बसून चिखल होतो. ग्रॅफाइटची पूड वापर. मिळाली नाही तर पेन्सिलचं शिसं बारीक खरवडून चावीच्या खाचांना चोळ आणि चावी आठ-दहा वेळा आत-बाहेर कर. तेल घातलेल्या कुलपात मात्र ही पूड घालू नकोस, त्याची पेस्ट होते. आधी स्प्रेने धुऊन, वाळवून, मग.

पकडीविषयी मी इतकं का बोलतो ते तुझ्या आईला माहीत आहे. ओम्नी नवी होती तेव्हाची गोष्ट. जुलै महिना, पहाटे चारला बेळगावच्या मार्केट यार्डात बटाट्याची पोती घेऊन गेलो होतो. बरोबर तुझे आजोबा. मागचं दार उघडेना. चावी फिरत नव्हती, मी पकडीने धरून पीळ दिला. चावी आधी वाकली आणि मग आतच तुटली. दुसरी चावी घरात कपाटात होती, कुलूप लावून. घर इथे, आम्ही तिथे. पोती पुढच्या दाराने, सीटवरून ओढून काढली. तोवर सौद्याची वेळ टळली, भाव पडला. तुझे आजोबा पोत्याचा घोंगता करून पावसात उभे होते, मला एक शब्द बोलले नाहीत. ती चावी तशी चार महिने जड फिरत होती. तिने मला रोज सांगितलं होतं, मी ऐकलं नव्हतं. चावी जड लागायला लागली की तो पहिलाच दिवस दुरुस्तीचा समज.

तुटलीच कधी, तर दुसरी चावी मागून ढकलू नकोस, तुकडा आणखी आत जातो. फेव्हिक्विक तर मुळीच लावू नकोस. जाळीकामाच्या करवतीचं बारीक पातं दात बाहेरच्या बाजूला ठेवून चावीच्या कडेने सरकव आणि तुकडा ओढून काढ. आणि चावीचं डोकं टाकू नकोस! चिप त्यात आहे. साध्या कापलेल्या चावीने कुलूप फिरव आणि ते तुटलेलं डोकं कुलपाच्या तोंडाशी धर. गाडी सुरू होते. घरी पोचण्यापुरतं ते डोकं सोन्याच्या मोलाचं आहे.

आता मुख्य बोलणं. तू व्हॅन घेतलीस, त्या गृहस्थाने एकच चावी दिली, दुसरी हरवली म्हणाला, आणि तू घेतलीस. मला विचारलं असतंस तर दुसरी चावी आल्याशिवाय एक रुपया देऊ नको म्हणालो असतो. झालं ते झालं. पण एक चावी हातात आहे तोवरच दुसरी करणं सोपं आणि स्वस्त आहे. ओळखीची चावी आणि गाडी दोन्ही समोर असली की नवी चिप कॉम्प्युटरला शिकवणं फार मोठं काम नाही. शेवटचीही हरवली की गाडी उचलून न्यावी लागते, सगळं नव्याने शिकवावं लागतं, काही वेळा कॉम्प्युटरपर्यंत खर्च जातो. आणि तेवढे दिवस तुझा धंदा बंद.

चावी शिकवताना अधिकृत सर्व्हिस सेंटरमध्ये एक गोष्ट तोंडाने मागून घे: जुन्या सगळ्या चाव्या कॉम्प्युटरमधून पुसा आणि मी समोर ठेवलेल्याच नोंदवा. किती चाव्या नोंदल्या ते यंत्रावर दिसतं, डोळ्यांनी बघ. मग ती ‘हरवलेली’ चावी कोणाच्या हाती पडली तरी दार उघडेल, सेल्फही कदाचित फिरेल, पण इंजिन पकडणार नाही. हे संरक्षण कोण देतं? तोच इमोबिलायझर, जो तो निपाणीचा माणूस काढायला निघाला आहे.

नवी चावी मूळ चावीवरून किंवा चावीच्या नंबरवरून कापून घे. झिजलेल्या चावीची नक्कल, त्या नक्कलेची नक्कल, असं करत गेलं की प्रत्येक वेळी चूक वाढते. नवीन गाडीबरोबर एक छोटी पट्टी येते, तिच्यावर तो नंबर असतो. जुन्या मालकाकडे ती माग. मिळाली तर घरात कागदपत्रांत ठेव, गाडीत नको, आणि तिचा फोटो व्हॉट्सॲपवर कोणाला पाठवू नकोस.

चिप नसलेली एक साधी चावीही कापून घे, बाजारात थोड्या पैशात होते. तिने इंजिन सुरू होणार नाही, दार उघडेल. ती कमरेच्या करगोट्याला बांध किंवा पाकिटात शिव. चावी आत राहून दार बंद झालं की हीच कामाला येते. मंगळवार-शुक्रवारी मळेकरणी देवीच्या आमराईत लांबलांबून गाड्या येतात, भांडी-शिधा उतरवायच्या घाईत चावी सीटवर राहते आणि दार लागतं. तेव्हा माझ्याकडे माणूस धावत येतो. एका चैत्रातल्या शुक्रवारी मी गेलो तर मागच्या सीटवर वर्षा-दीड वर्षाचं पोर झोपलेलं, काचा बंद, ऊन माथ्यावर. घरचे चावीवाल्याची वाट बघत होते. मी कोणाला विचारलं नाही. पोरापासून लांबची काच पान्याने फोडली. मूल घामाने निथळत होतं, डोळे अर्धे. बाळू, तुझ्या गाडीत सुट्टीत घरची पोरं असतात. आत मूल असेल तर कुलूप, चावी, काचेचा खर्च, काहीही बघू नकोस. काच फोड.

कागदांचंही बघ. गाडी कोल्हापूरची, एम.एच. ०९. तुमच्याकडचं पासिंग के.ए. २३. ना-हरकत दाखला येऊन आर.सी. तुझ्या नावावर झाली का? सर्व्हिस सेंटरवाले चावी देताना आर.सी. आणि ओळखपत्र मागतात, मागायलाच हवं. नाव दुसऱ्याचं असेल तर तुला परत पाठवतील. विम्याचंही तेच. गाडी चोरीला गेली तर कंपनी पोलिसांच्या कागदांबरोबर दोन्ही चाव्या मागते. एकच दिलीस तर दुसरी कुठे, याचं उत्तर देताना तुला घाम फुटेल. नवी चावी केल्याची पावती जपून ठेव. आणि पहिली चावी कधी हरवलीच, तर ठाण्यात तक्रार देऊन पोच घे.

आता त्या माणसाच्या सल्ल्याचं. ‘काढून टाकतो’ म्हणजे तो बहुधा दोनपैकी एक करणार. एक तर चिप असलेलं चावीचं डोकं वेटोळ्याजवळ कायमचं टेपने चिकटवून ठेवणार, म्हणजे कुलूप कशानेही फिरलं तरी गाडी सुरू. नाहीतर कॉम्प्युटरमधली ती विचारणाच बंद करणार. दोन्हींत तुझी कर्जाने घेतलेली गाडी १९९० सालच्या माझ्या ओम्नीइतकी उघडी पडते. युरोपभर १९९८ पासून नव्या कारला इमोबिलायझर सक्तीचा झाला. अमेरिकेत तशी सक्ती नव्हती. तिथे ह्युंदाई-कियाच्या लाखो गाड्या त्याशिवाय विकल्या गेल्या, आणि २०२१-२२ मध्ये पोरासोरांनी त्या इतक्या पळवल्या की कंपन्यांना २०२३ मध्ये सॉफ्टवेअर फुकट बदलून द्यावं लागलं. जे नसल्याने लोक रडले, ते तुला गाडीबरोबर मिळालेलं आहे. आणि आपलं गाव तर हद्दीवरचं. इथून बाची ओलांडून शिनोळीला पोचलं की महाराष्ट्र, तुझ्याकडे कोगनोळी ओलांडली की महाराष्ट्र. पळवलेली गाडी दुसऱ्या राज्यात जायला किती वेळ लागतो ते तू रोजच्या फेरीत बघतोस.

आपण जिला किल्ली म्हणतो तिला कन्नडमध्ये कीलीकै. सर्व्हिस सेंटरच्या काउंटरवर कन्नड बोलणारा मुलगा असला तर बिचकू नकोस. ‘एरडु कीलीकै’ एवढं म्हणालास तरी दोन चाव्या हव्यात हे त्याला कळेल.

येत्या बुधवारी सकाळी इकडे ये. मंगळवारी नको, गर्दीत रस्ता मिळायचा नाही. आर.सी., आधार, विम्याचा कागद आणि असेल ती चावी घे. त्या माणसाला अजून गाडी दाखवली नसशील तर दाखवू नकोस. आधी मी तुझ्या स्टेअरिंगखालचे ते टेपचे सांधे उघडून बघतो, मग आपण दोघं मिळून बेळगावला जाऊ आणि चावी करून घेऊ. पैशाची अडचण असेल तर आत्ताच सांग, बटाट्याचे आलेले आहेत. तुझ्या आईला, आक्कालाही घेऊन ये. मामी म्हणते, दोन महिने झाले तोंड दाखवलं नाही.

तुझा,
मामा